सगळ्यात मोठी म्हणजे सगळ्यात भारी असं काही नसतं

तुमचा प्रश्न असा की प्रत्येक यादीत वेगळीच गुहा पहिल्या नंबरवर असते, मग जगात खरी भारी कोणती? अहो, कोणी लांबी मोजतं, कोणी खोली, मग नंबर जुळणार कसे. लांबीत अमेरिकेतल्या केंटकीची मॅमथ केव्ह, ६८० किमीच्या वर नकाशा झालाय आणि अजून वाढतोच आहे. खोलीत काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियातली वेरियोव्किना, २,२०० मीटरच्या पुढे, तिथे तर २०१८ मध्ये खालून भराभर पाणी चढायला लागलं तेव्हा तळाशी असलेली टीम सामान तिथेच टाकून दोरावरून वर पळाली. ती काय आपल्यासारख्यांनी जाऊन बघायची जागा नाही.

व्हिएतनामची सोन डूंग मात्र खरंच अचाट आहे. काही ठिकाणी छत २०० मीटर उंच, दोन जागी तेच छत कोसळलंय आणि तिथून ऊन आत येतं म्हणून गुहेच्या पोटात चक्क जंगल वाढलंय. हो खान्ह नावाच्या तिथल्याच माणसाला हिचं तोंड १९९० च्या सुमारास दिसलं होतं, पण नंतर ती जागाच सापडेना, शेवटी सापडली आणि २००९ मध्ये ब्रिटिश टीमला तोच घेऊन गेला.

पण माझं मत विचाराल तर मेक्सिकोतली नाइका. चांदी-शिशाची खाण, २००० साली सुमारे ३०० मीटर खाली खाणकामगारांना एक पोकळी लागली, आत जिप्सम नावाच्या खनिजाचे ११-१२ मीटरचे पांढुरके स्फटिक, एकमेकांवर आडवेतिडवे टाकलेल्या खांबांसारखे, माणूस त्यांच्यावरून चालतो तेव्हा मुंगीएवढा दिसतो. एवढे वाढले कसे तर खालच्या मॅग्मामुळे (म्हणजे वितळलेल्या खडकामुळे) पाणी ५८ अंशांच्या आसपास गरम राहिलं, आणि लाखो वर्षं जवळपास तेवढंच राहिलं, म्हणून जिप्सम अगदी सावकाश, थोड्याच स्फटिकांवर बसत गेलं. पटकन थंड झालं असतं तर नुसता चुरा मिळाला असता. हवाही तेवढीच तापलेली आणि इतकी दमट की घाम सुकतच नाही, उलट फुप्फुसं हवेपेक्षा थंड पडतात म्हणून श्वासातली वाफ आतच पाणी होऊन बसते. साध्या कपड्यात दहा मिनिटं म्हणजे फार झाली, संशोधक बर्फ भरलेले सूट घालून जायचे.

आणि गंमत (की दुर्दैव) बघा, खाणीचे पंप पाणी उपसत होते म्हणून ती गुहा दिसली. पुढे पंप बंद पडले आणि ती पुन्हा बुडाली. म्हणजे आता फक्त फोटो.

तेव्हा खरंच जाण्यासारखी म्हणाल तर न्यूझीलंडची वाइटोमो. काळोखात होडीतून जायचं आणि वर छतभर निळसर-हिरवे ठिपके, अगदी चांदण्या. त्या एका माशीच्या अळ्या असतात हो, प्रत्येकीने चिकट थेंबांचे धागे खाली सोडलेले असतात, झऱ्यातून उडालेली चिलटं उजेडाकडे जातात आणि बरोबर अडकतात. भुकेली अळी जास्त चमकते म्हणे. आवाज करू नका आणि मोबाइलचा लाइट तर अजिबात लावू नका, उजेड पडला की अळ्या आपले दिवे मंद करून टाकतात.