व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत माउस अडकतो. ती खिडकी बंद केली तर आतलं काम जातं का?

दुकानाचं जुनं बिलिंग नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, आत क्लिक केलं की माउस बाहेर निघत नाही आणि खिडकी बंद करायला हात धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी घाटंजी तालुक्यात एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. आमचं काट्याचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या पुढे सरकलंच नाही आणि बनवणारा आता फोन उचलत नाही. त्यामुळे गेले तीन हंगाम माझाही संसार याच खिडकीत चाललाय.

माउसचं सोपं आहे. कीबोर्डवरचं उजवं कंट्रोल एकदा दाबून सोडा, माउस बाहेर येतो. ही 'होस्ट की'. खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तिचं नाव लिहिलेलंच असतं, पण तिकडे कोण बघतं! काही छोट्या लॅपटॉपांना उजवं कंट्रोल नसतंच. मग फाइल, प्रेफरन्सेस, इनपुट इथे जाऊन दुसरं बटण नेमा. आणि आतल्या विंडोजला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हवं असेल तर ते थेट दाबू नका, ते बाहेरचंच विंडोज पकडतं. होस्ट की धरून डिलीट दाबा.

आता खिडकी बंद करण्याचं. फुलीवर क्लिक केलं की तीन पर्याय येतात. 'सेव्ह द मशीन स्टेट' म्हणजे आतली मेमरी जशीच्या तशी डिस्कवर लिहून मशीन थांबतं. उद्या उघडलं की अर्धवट बिलसुद्धा तिथंच दिसतं. 'सेंड द शटडाउन सिग्नल' म्हणजे पॉवरचं बटण हलकेच दाबल्यासारखं, विंडोज आपल्या पद्धतीनं बंद होतं. तिसरा 'पॉवर ऑफ' म्हणजे चालू कॉम्प्युटरची पिन उपटणं. तो विसरा. आमच्याकडे लाइन गेली आणि लॅपटॉपची बॅटरी दमलेली असली की पिन आपोआपच उपटली जाते, म्हणून इन्व्हर्टरनं शिटी मारली की मी आधी पहिला पर्याय घेतो.

पण या पहिल्या पर्यायानंच मला एकदा गोत्यात आणलं. पहिल्या हंगामात मी रोज रात्री स्टेट सेव्ह करून घरी जायचो. सकाळी मशीन उघडलं की आतलं घड्याळ रात्री थांबलं तिथूनच पुढे चालायचं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, पावत्या भराभर निघत होत्या, सगळ्या कालच्या तारखेच्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पावती डोळ्याजवळ नेऊन विचारलं, "बाप्पा, मी तं काल घरीच होतो, मंग माहा कापूस कोनं आनला?" तोवर अकरा गाड्या काट्यावरून उतरल्या होत्या. तारीख चुकली की त्या दिवसाचा भावही चुकतो. सगळ्या पावत्या हातानं दुरुस्त करून सही-शिक्का मारत बसलो.

कारण एवढंच, की मी आतल्या विंडोजमध्ये 'गेस्ट अ‍ॅडिशन्स' (आतल्या विंडोजसाठीचं व्हर्च्युअलबॉक्सचंच जोड-सॉफ्टवेअर) टाकलेच नव्हते. खिडकीच्या 'डिव्हायसेस' मेनूतून त्यांची सीडी आत लावायची, इन्स्टॉल करायचं, एकदा रीस्टार्ट. मग आतलं घड्याळ बाहेरच्याशी जुळतं, आणि माउस न अडकता आतबाहेर करतो, म्हणजे तुमचं पहिलं दुखणंही जातं. तरी बिलाला तारीख महत्त्वाची असेल तर रोज रात्री सरळ शटडाउन करा. स्टेट सेव्ह फक्त लाइन गेल्यावर. मी आता तसंच करतो.

एक जाता जाता. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले. आतल्या मशीनला इंटरनेटची गरज नसेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क बंदच ठेवा.

आणि तुमच्याकडेही यूएसबी कन्व्हर्टरवर वजनकाटा जोडलेला असेल, तर सेटिंग्जच्या 'सिरियल पोर्ट'मध्ये 'होस्ट डिव्हाइस' निवडून बाहेरच्या विंडोजनं त्या कन्व्हर्टरला दिलेला कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) लिहावा लागतो. कन्व्हर्टर दुसऱ्या भोकात घातला की हा नंबर बदलू शकतो, मग मशीन सुरूच होत नाही. मी घरून नेलपॉलिश आणून त्या भोकाशेजारी लाल ठिपका दिलाय.