१९६५ च्या जॅग्वार ई-टाइपचे इंजिन मूळचेच आहे, हे कसे ओळखावे?

विक्रेता ‘सगळे ओरिजिनल’ म्हणत असला, तरी इंजिनावरची चकाकणारी कॅम कव्हरे (वरची धातूची झाकणे) पाहून भुलू नये. आधी आकडे पाहावेत. ४.२ लिटरच्या या गाडीचा इंजिन क्रमांक ‘७ई’ने सुरू होतो, तो ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूस आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाशीही ठोकलेला असतो, आणि त्याच्या शेवटी येणारा ८ किंवा ९ हा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन-हवेचे मिश्रण किती पट दाबले जाते ते, दर्शवतो. दोन्ही क्रमांक एकमेकांशी व कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मिळणाऱ्या हेरिटेज प्रमाणपत्राशी जुळले पाहिजेत. अंकांभोवती ग्राइंडरचे ताजे ओरखडे दिसले, तर क्रमांक पुन्हा ठोकल्याचा संशय घ्यावा. एसयू बनावटीच्या तीन कार्ब्युरेटरांच्या (इंधन व हवा मिसळणाऱ्या भागांच्या) जागी स्ट्रॉमबर्ग बनावटीचे दोन असतील, तर ते बहुधा नंतरच्या अमेरिकी गाडीवरून आलेले असतात. पाण्याचा पंप बदललेला असणे, मला विचाराल तर, दोष नव्हे.