कंट्रोलची नळी

अगं,

एन्झाइमच्या प्रॅक्टिकलला तू कंट्रोलची, म्हणजे एन्झाइम न घालता तुलनेसाठी ठेवायची नळी लावलीच नाहीस, कारण ‘तिच्यात काही होत नाही’. वर विचारतेस, विज्ञानाच्या पदवीतलं हे सगळं डॉक्टर झाल्यावर कुठे कामाला येतं? पहिलं वाचून चिडलो. दुसरं वाचून राग ओसरला, कारण तुझ्या वयात मलाही हे कुणी धड सांगितलं नव्हतं.

काही होऊ नये म्हणूनच ती नळी असते. एन्झाइम न घालता रंग बदलला, तर बाकीच्या नळ्या ओतून टाकायच्या.

डॉक्टरकीत ही नळी कुठे येते ते बघ. हार्ट अटॅकमधून वाचलेल्यांच्या हृदयाचे जादा ठोके पडत असतील, तर जिवाला धोका अधिक, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड या औषधांनी ते ठोके कमी व्हायचे. ईसीजी सुधारला, सगळे खूश. मग कुणीतरी विचारलं, कशाच्या तुलनेत? ७५५ जणांना औषध दिलं, ७४३ जणांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. १९९१ साली छापून आलेले आकडे असे: औषधवाले ६३ दगावले, दुसऱ्या गटातले २६. ते डॉक्टर अडाणी नव्हते. रुग्ण एकेक करून समोर येतो. औषधानंतर ईसीजी सुधारतो, आणि माणूस गेलाच तर ‘हृदयच कमकुवत होतं’ म्हणायची सोय असते. दुसरी नळी शेजारी नसेल तर हे आयुष्यभर कळत नाही. आयुष्यभर!

बाकीचे विषयही कामाला येतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो, म्हणून रक्तस्रावात भराभर रक्त चढवायला जाड सुई लावतात. बफर, म्हणजे आम्लता फार बदलू न देणारी द्रावणं, समजले की रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये कसा टिकतो ते समजतं. पण हे पुढे पुन्हा शिकवतात. तुलना मागायची खोड पुढे सहसा कुणी लावत नाही. तिथे वरिष्ठ सांगतात आणि आपण लिहून घेतो.

पदवीनंतर मी प्रयोगशाळेत रेंगाळलो तेव्हा बरोबरीचे पुढे निघून गेले. त्याची चुटपुट अजून आहे, नाही म्हणत नाही. पण वॉर्डात नव्या औषधाचं कौतुक सुरू झालं की ‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारणारा मीच असतो. लोक घड्याळाकडे बघतात. बघू देत. आपोआप बरं होणाऱ्या दुखण्याचं श्रेय घ्यायला मला अजून जमलेलं नाही.

संख्याशास्त्र सोडून सोपा विषय घेऊ का म्हणतेस. अजिबात नको. हजारात एकाला असणारा आजार घे. चाचणी एकही रुग्ण चुकवत नाही, पण निरोग्यांपैकी पाच टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. मग पॉझिटिव्ह आलेल्या साधारण एक्कावन्न जणांत खरा आजारी एकच. असा रिपोर्ट हातात घेऊन उद्या कुणीतरी रडत तुझ्यासमोर बसेल. तो हिशेब आत्ताच कागदावर कर. प्रवेशपरीक्षेचं वेळापत्रक मात्र तूच बघ. त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.