गिंतामाचा शेवट फसला आहे, की बघण्याचा क्रम चुकला?

तुमचा प्रश्न असा: 'गिंतामा' या जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिकेचे ३६७ भाग बघून झाले, लगेच 'गिंतामा: द फायनल' हा चित्रपट लावला, आणि शेवटी हसूही आलं नाही, रडूही आलं नाही. मग शेवटच गंडलाय की बघण्यात काही चुकलं?

दोन्ही. अर्धी निराशा क्रमामुळे आलेली आहे, ती दुरुस्त करता येते. उरलेली मूळ मांगाचे (जपानी चित्रकथेचे) लेखक सोराची हिदेआकी यांच्या लिखाणातच आहे, तिला इलाज नाही. ज्यांची मालिका अजून संपलेली नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं फोडलेलं आहे.

आधी दुरुस्त होणारा भाग. ३६७ नंतर थेट चित्रपट येत नाही. मध्ये 'द सेमी-फायनल' नावाचे दोन भाग आहेत आणि तेच बहुतेकांचे सुटतात. ३६७ व्या भागात युद्ध संपतं, गोष्ट संपत नाही. त्यानंतर दोन वर्षं जातात. योरोझुया, म्हणजे पडेल ते काम घेणारा नायक गिंतोकी आणि त्याचे दोन साथीदार, पांगलेले असतात: शिनपाची एकटाच दुकान रेटतोय, कागुरा त्यांच्या अजस्र कुत्र्यासाठी, सादाहारूसाठी, बाहेर पडलीय, गिंतोकीचा पत्ता नाही. हे तिघं पुन्हा एकमेकांसमोर कसे येतात, ते या दोन भागांत आहे. चित्रपट ते घडून गेलंय असं धरूनच चालतो. त्यामुळे हे भाग न बघता चित्रपट लावला तर तिघांची भेट तुमच्या लेखी झालेलीच नसते, आणि शेवटी ते एकत्र परततात तेव्हा त्यात विशेष काय ते कळत नाही.

यात तुमचा दोष फारसा नाही. चित्रपट जपानमध्ये ८ जानेवारी २०२१ ला लागला आणि सेमी-फायनलचे भाग डीटीव्ही या स्ट्रीमिंग सेवेवर १५ आणि २० जानेवारीला आले, म्हणजे उपान्त्य फेरी अंतिम फेरीनंतर. त्यात टीव्हीवरचा शेवटचा भाग ऑक्टोबर २०१८ चा. एकच गोष्ट टीव्ही, स्ट्रीमिंग आणि थिएटर अशी तीन ठिकाणी विभागली, मध्ये सव्वादोन वर्षांची फट. स्ट्रीमिंगवरही हे तीन तुकडे बहुधा तीन वेगळ्या नावांनी शोधावे लागतात.

दुसरी चूक क्रमांकांवर विश्वास ठेवण्याची. ३२९ ते ३४१ हे तेरा भाग, म्हणजे 'पोरोरी-हेन', ऑक्टोबर ते डिसेंबर २०१७ मध्ये दाखवले गेले. पण त्यांतल्या गोष्टी आधी गाळलेल्या प्रकरणांतल्या आहेत आणि काळाने त्या शोगुनच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च शासकाच्या, हत्येच्या आधी बसतात. आकड्यांप्रमाणे बघत गेलात तर राकुयोच्या लढाईचा रक्तपात झाल्यावर अचानक सगळे जुने, निवांत, टवाळखोर होऊन परत येतात आणि तेरा भागांनंतर पुन्हा युद्ध सुरू होतं. आधी रसभंग, मग पुन्हा सुतकी चेहरा करायची सक्ती. २०१७ मध्ये दर आठवड्याला बघणाऱ्यांना तो विसावा वाटला असेल, एका दमात बघणाऱ्याला तो खड्डा वाटतो.

म्हणून शेवटाकडे जाताना क्रम असा ठेवा. २६५ व्या भागानंतर २०१३ चा 'कांकेत्सु-हेन' चित्रपट. मग २६६ ते २९९. त्यानंतर २०१६ चे 'आइझोमेकाओरी-हेन'चे दोन सुटे भाग आणि लगेच पोरोरी, म्हणजे ३२९ ते ३४१. मग मागे येऊन ३०० ते ३१६, ३१७ ते ३२८, तिथून उडी मारून ३४२ ते ३६७. सेमी-फायनलचे दोन. आणि मग द फायनल. २०१० चा 'बेनिझाकुरा-हेन' चित्रपट ५८ ते ६१ या भागांचीच पुन्हा केलेली मांडणी आहे, तो गाळला तरी काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही केलीत की नाही ठाऊक नाही, पण फार लोक करतात. इंटरनेटवर 'फक्त महत्त्वाचे आर्क (मोठी कथानकं) बघा' अशा याद्या फिरतात: बेनिझाकुरा, योशिवारा, काबुकीचोचे चार सम्राट, शोगुनची हत्या, आणि चला शेवटाकडे. गिंतामाच्या बाबतीत हा सल्ला शंभर टक्के चुकीचा आहे. तिचा शेवट गंभीर कथानकाच्या नव्हे, फालतूपणाच्या जिवावर उभा आहे. शोगुन शिगेशिगेचंच बघा. तो कॅबरे क्लबात येतो आणि राजाचा खेळ खेळताना अंगावरचे कपडे गमावत जातो. न्हाव्याच्या दुकानात येतो आणि त्याच्या शेंडीचं जे व्हायचं ते होतं. बर्फावर जातो तर त्याचीच घसरगुंडी होते. प्रत्येक वेळी देशाचा सर्वोच्च माणूस अब्रू घालवून बसतो आणि तरीही सौजन्य सोडत नाही. ही सगळी 'फिलर' (भरताड) म्हणून गाळलीत तर ३०० नंतर तो मरतो तेव्हा पडद्यावर फक्त एक बरा राजा मेलेला असतो. ती बघितली असतील तर ज्या माणसाच्या चड्डीवर तुम्ही वर्षानुवर्षं हसलात तो मेलेला असतो.

आता दुरुस्त न होणारं.

शोगुनची हत्या हा गिंतामाचा कडेलोट आहे, आणि मी तो तिच्या सर्वोत्तम भागांत धरतो. पण त्याची किंमत शेवटाने मोजली. त्याआधीच्या प्रत्येक मोठ्या आर्कनंतर मालिका दुसऱ्याच आठवड्यात काबुकीचोत, म्हणजे गिंतोकीच्या वस्तीत, परतायची. योशिवारात (१३९ ते १४६) होसेनसारखा राक्षस पडला, तरी पुढे गिंतोकीकडे घरभाडं नसतं आणि घरमालकीण ओतोसे दारात उभी असते. चार सम्राटांच्या आर्कनंतरही (२१० ते २१४) तेच. गंभीरपणा जड व्हायचा नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना भंकस असायची. ३०० पासून ती परतीची वाट बंद झाली. पोरोरीचे तेरा वगळले तर ३०० ते ३६७ मध्ये पंचावन्न भाग उरतात, आणि त्यांत सामान्य दिवस म्हणावा असा जवळजवळ नाहीच. विनोद आहेत, पण ते लढाईच्या मध्ये तोंडी लावायला. स्वतंत्र विनोदी गोष्ट, जिच्यात प्रश्न फक्त सर्दीचा किंवा आइसक्रीमचा आहे, ती नाही.

त्यातही शेवटचे सव्वीस, म्हणजे 'सिल्व्हर सोल' (३४२ ते ३६७), सगळ्यात अडखळतात. कारण साधं आहे: गर्दी. पंधरा वर्षांत जमवलेला अख्खा गोतावळा सोराचींनी एडो शहरात आणून उभा केला, आणि प्रत्येकाला एक प्रवेश, एक जुन्या विनोदाची आठवण, एक झुंज आणि एक बाणेदार वाक्य द्यायचं ठरवलं. साप्ताहिक मांगात एक प्रकरण वीस पानांच्या आसपास असतं. कुणीतरी परत आलं आणि टाळी घेऊन गेलं एवढ्यातच ते संपतं. साप्ताहिकात दर आठवड्याला एक टाळी खपून जाते. सलग बघताना एकाच लग्नात तीसवेळा आहेर स्वीकारल्यासारखं होतं. दहाव्या पाहुण्यानंतर चेहरे लक्षात राहत नाहीत.

आणि शेवटचा खलनायक उत्सुरो. गिंतामाचे चांगले खलनायक एका नेमक्या दुखण्याचे असतात. होसेनला सूर्य हवा होता, म्हणून त्याने सूर्य नसलेलं शहर बांधलं. बस, एवढ्यात तो कळतो. उत्सुरो अमर आहे, शतकानुशतकं मारला गेलाय, त्याच्यात असंख्य व्यक्तिमत्त्वं आहेत, त्याला स्वतःसह सगळं संपवायचंय. कागदावर भारी. पण ज्याला काहीच नकोय त्याची टर उडवता येत नाही, आणि ज्याची टर उडवता येत नाही असा खलनायक गिंतामाच्या हत्यारांच्या टप्प्यातच येत नाही. गिंतोकीची खरी ताकद लाकडी तलवार नव्हे, समोरच्याला हास्यास्पद करणं. उत्सुरोपुढे ती निकामी होते आणि उरते ती शोनेन जम्प साप्ताहिकातल्या कुठल्याही मालिकेत असते तशी लढाई. शिवाय तो एकदा संपत नाही. युद्धात हरतो, मग चित्रपटात गिंतोकीचा जुना सोबती ताकासुगी याच्या शरीरातून परत येतो. अमर माणसाला दुसऱ्यांदा मारताना पहिल्या मरणाचं वजन कमी होतं, हे हिशेबाने होणारच.

मात्र ताकासुगीचा शेवट मी या तक्रारीत घालणार नाही. तिथे लेखक चुकलेला नाही. तारुण्यात गुरू शोयोचं मस्तक उडवावं लागलेला गिंतोकी आणि ते डोळ्यांनी बघणारा ताकासुगी यांचं भांडण दुसऱ्या कुठल्या जागी मिटूच शकलं नसतं. सुगिता तोमोकाझू आणि कोयासु ताकेहितो यांचे आवाज त्या प्रसंगात ऐका. चित्रपट पुन्हा बघायचा नसेल तर निदान शेवटची अर्धी घटका पुन्हा बघा, पण सेमी-फायनल बघून झाल्यावर.

आणखी एक कारण मालिकेबाहेरचं आहे. गिंतामाने 'संपतेय, संपतेय' हाच विनोद इतकी वर्षं केला की खरा शेवट त्याच्यापुढे फिका पडणारच होता. अ‍ॅनिमे २०१० मध्ये थांबली, २०११ मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये थांबली, त्याच वर्षी परतली. २०१३ मध्ये नावातच 'समाप्ती' असलेला चित्रपट आला आणि २०१५ मध्ये पुन्हा नवे भाग. मांगाने तर कळस केला. साप्ताहिक शोनेन जम्पने जाहीर केलं की सप्टेंबर २०१८ च्या अंकात शेवटचं प्रकरण. ते छापून आलं तेव्हा गोष्ट संपलीच नव्हती. मग ती जम्प गिगा या अंकात हलवली, तिथेही फेब्रुवारी २०१९ पर्यंत संपली नाही. शेवटी खास अ‍ॅप काढून मे-जून २०१९ मध्ये ७०४ व्या प्रकरणावर थांबली; ऑगस्टमध्ये ७७ वा खंड आला. ज्यांनी हे त्या त्या वेळी पाहिलं त्यांच्यासाठी गिंतामाचा शेवट म्हणजे ही नऊ महिन्यांची फजिती, आणि ती विलक्षण विनोदी होती. आज पूर्ण मालिका एकदम बघणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही, फक्त लढाई येते. तीच गत चित्रपटाची. प्रेक्षकांना भेट म्हणून सोराचींनी काढलेली 'डेमन स्लेयर'च्या पात्रांची चित्रकार्डं वाटली, आणि सलग बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलेल्या त्याच 'डेमन स्लेयर'ला गिंतामाने खाली ओढलं. पडद्यावरच्या कुठल्याही विनोदापेक्षा हा अधिक गिंतामा आहे, पण तो डिस्कवर मिळत नाही.

तुम्हाला हवा तसा शेवट मात्र अस्तित्वात आहे. २०१३ चा कांकेत्सु-हेन. फुजिता योइची यांचं दिग्दर्शन, गोष्ट खुद्द सोराचींची, आणि सगळं दोन तासांच्या आत. सुरुवात जपानी थिएटरांत चित्रपटाआधी लागणाऱ्या चोरीविरोधी जाहिरातीच्या टिंगलीने होते, आणि त्याच जाहिरातीतला कॅमेऱ्याच्या डोक्याचा माणूस गिंतोकीला पाच वर्षं पुढच्या काळात घेऊन जातो. तिथे गिंतोकी मेलाय, शहर साथीने ओस पडलंय, शिनपाची आणि कागुरा एकमेकांशी धड बोलत नाहीत. शत्रू कोण हे कळतं तेव्हा घशात येतं, आणि तरीही दर पाच मिनिटांनी कुणीतरी लाज सोडून काहीतरी करतच असतं. विनोद आणि दुःख एकाच प्रसंगात. शेवटच्या पंचावन्न भागांत हेच जमलेलं नाही. कथेच्या काळात तो चित्रपट मधे बसतो, पण दुसऱ्यांदा बघताना काहीजण तो सगळ्यात शेवटी ठेवतात. मलाही ते पटतं, फक्त पहिल्या वेळी तसं करू नका, कारण ताकासुगी आणि शोयोचा धागा त्याने सुटत नाही.

सध्या काय करावं? ३४२ पासून सगळं पुन्हा बघू नका, तीच थकवणूक परत होईल. सेमी-फायनलचे दोन भाग बघा. मग पोरोरीतले चार-पाच आणि शोगुनचे जुने भाग चघळा, आठवडाभर, रोज एकदोन. त्यानंतर पावणेदोन तासांचा द फायनल. मांगा हाताशी असेल तर शेवटचा खंड वाचा. स्वतःच्या वेगाने वाचताना गर्दी कमी जाणवते, कारण पान उलटायचं की थांबायचं ते आपल्या हातात असतं.

अभिनेते घेऊन केलेले २०१७ आणि २०१८ चे दोन चित्रपट या क्रमात नाहीत. त्यांत नंतर काय होतं ते सापडणार नाही. आणि नुसती भंकस हवी असेल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेली 'गिनपाची-सेन्सेई' ही उपमालिका आहे, सगळी पात्रं शाळेत, गिंतोकी मास्तर. मूळ मालिकेची धार तिला नाही, पण तिथे कुणी मरत नाही.