युरिक ॲसिड वाढलंय, पायाचा अंगठा ठणकतो. डाळी आणि टोमॅटो बंद करू का?

डाळी राहू द्या, आधी मटणाचा रस्सा बंद करा.

आमच्या बेळगावात अंगठा सुजला की पहिली कुऱ्हाड डाळीवर. ह्यांचा अंगठा एका रात्रीत लालबुंद झाला, नुसती चादर टेकली तरी कळ. युरिक ॲसिड ८.९. थोरल्या भाऊजींनी लगेच फर्मान काढलं: तूरडाळ, वाटाणा, पालक बंद आणि 'सांध्यांना वंगण' म्हणून पायाचं सूप. शिजवायला मी! रविवारी तांबडा रस्सा असायचाच. ताटात फोडी नाहीत म्हणजे पथ्य पाळलं, रस्सा मात्र वाटीवर वाटी. अहो, ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं ते प्युरिन पाण्यात उतरतं, मटण शिजलेल्या अळणीत तेच असतं. मी तेव्हाच बोलले, तर "तू कधी डॉक्टर झालीस?" पुढे दोघे भाऊ चोर्ला घाट उतरून गोव्याला गेले. बिअर हलकी असते म्हणे. परतले ते दुसरा अंगठा सुजवूनच.

२००४ साली अमेरिकेतल्या पुरुषांवरचा मोठा अभ्यास आला होता. मटण-मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट, म्हणजे युरिक ॲसिडनं सांधे सुजण्याचं हेच दुखणं, जास्त, दूध-दही घेणाऱ्यांत कमी, आणि डाळी-भाज्यांतल्या प्युरिनने काही वाढ नाही. त्यामुळे आमटी खा, ताक प्या. कलेजी, तारली, बिअर सोडा. ऊसाचा रस आणि कोल्ड्रिंकही, कारण फ्रुक्टोजनं युरिक ॲसिड वाढतं. कुंदा सणापुरता. टोमॅटो तुम्हाला बाधत असेल तर सोडा, नाहीतर खा.

पण नुसत्या पथ्यानं युरिक ॲसिड जेमतेम एखाद्या आकड्यानं उतरतं. ६.८ च्या वर त्याचे खडे धरतात, आणि गाउटवाल्यानं ते ६ च्या खाली ठेवायचं असतं. आमचं काम डॉक्टरांच्या रोजच्या गोळीनं झालं. भाऊजी अजून श्रेय सुपालाच देतात.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळ किती खायची ते डॉक्टरांनाच विचारा. सुजेबरोबर ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा, तो जंतुसंसर्ग असू शकतो. चालू गोळी दुखणं थांबलं म्हणून आपल्या मनानं सोडू नका.

आणि घरात कुणी पायाचं सूप सुचवलंच, तर आधी त्यांचंच युरिक ॲसिड तपासायला लावा. आमच्या भाऊजींनी अजून तपासलेलं नाही.