कर्ज काढून बाली, की साठवलेल्या पैशांत बान्युवांगी?

सांगलीच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं दरमहा ७,००० रुपयांची आरडी भरली. ती मार्चमध्ये पिकते आहे आणि साधारण १,८०,००० रुपये हातात येतील. यजमान एमआयडीसीत सुपरवायझर, मुलगी आठवीत. मे महिन्यात तिघांनी परदेशी जायचं ठरवलंय. एजंटने बालीचं पाच रात्रींचं पॅकेज २,८५,००० रुपयांना दिलंय. कमी पडणाऱ्या १,०५,००० रुपयांसाठी दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज १५ टक्क्यांनी मिळतंय, आणि ५,००० रुपये टोकनही भरून झालंय. तेवढ्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की बालीच्या समोर, जावा बेटाच्या पूर्व टोकाला बान्युवांगी नावाचं शहर आहे, तिथे खूप कमी पैशांत होईल. घरखर्च महिना ४५,००० रुपये, अडीअडचणीसाठी २,४०,००० रुपयांची एफडी वेगळी. यजमानांना दम्याचा थोडा त्रास आहे. कर्ज काढावं, एफडी मोडावी, की बेत पुढे ढकलावा?

ताई, नमस्कार. कर्ज काढू नका, एफडीला हात लावू नका आणि बेतही रद्द करू नका. बान्युवांगीला जा, आणि पाच नाही, आठ रात्री राहा.

आधी कर्जाचं बघू. १,०५,००० रुपयांना १५ टक्के दराने चोवीस महिन्यांचा हप्ता साधारण ५,०९० रुपये बसतो. व्याज होतं १७,००० रुपयांच्या वर, आणि २ टक्के प्रोसेसिंग फी व त्यावरचा जीएसटी धरला तर एकूण भुर्दंड २०,००० रुपयांच्या घरात जातो. तुमच्या आरडीने दोन वर्षांत दिलेलं व्याज आहे १२,००० रुपयांच्या आसपास, तेही करपात्र. म्हणजे दोन वर्षं नेमाने साठवून जे मिळवलंत ते जाईलच, वर पदरचे आठेक हजार जातील. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती पुढच्या चोवीस महिन्यांची. ती तुमच्या मुलीची नववी आणि दहावी. क्लासची फी, पुढच्या प्रवेशाची तयारी, सगळं त्याच काळात येणार आणि तेव्हाच दर महिन्याला पाच हजार रुपये एका संपलेल्या सहलीपायी जात राहणार.

आता सहलीच्या खर्चाची घडण समजून घ्या, कारण निर्णय तिथेच आहे. इंडोनेशियाला जाताना विमान, व्हिसा आणि विमा हा खर्च तुम्ही तीन रात्री राहा की दहा, जवळजवळ तेवढाच. तुम्ही बघितलेलं तिकीट माणशी ३४,००० रुपये, म्हणजे तिघांचे १,०२,०००. व्हिसा ऑन अरायव्हल माणशी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, तिथले एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण ५३५ रुपये, तेव्हा तिघांचे ८,००० रुपये. बालीत पाऊल ठेवणाऱ्या परदेशी पर्यटकाला फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपियांचा कर आहे, तिघांचे २,४०० रुपये. विमा ३,००० आणि सांगली-मुंबई जाण्यायेण्याचे ४,००० धरा. इथपर्यंत साधारण १,१९,५०० झाले आणि तुम्ही अजून एक रात्रही काढलेली नाही. एवढा पैसा घातल्यावर महागड्या जागी पाच रात्री काढणं मला पटत नाही. जिथे पुढचा प्रत्येक दिवस स्वस्त पडतो, तिथे मुक्काम वाढवावा.

बान्युवांगीत तो स्वस्त पडतो. तिघांना पुरेशी होमस्टेची खोली ३ लाख रुपियांत धरा, म्हणजे १,६०० रुपये रात्र, आठ रात्रींचे १२,८००. जेवणखाण दिवसाला १,५०० रुपये, नऊ दिवसांचे १३,५००. रेल्वे, बस, फेरीबोट मिळून ५,०००. चालकासह गाडी तीन दिवस, १२,०००. प्रवेशशुल्क आणि वाटाडे ६,०००. बेरीज ४९,३०० रुपये. हे सगळे माझे अंदाज आहेत आणि मी हात सैल ठेवूनच धरलेत. तरी आधीचे १,१९,५०० धरून १,८०,००० रुपयांतून ११,००० रुपये शिल्लक राहतात. ती शिल्लक खर्चायची नाही, ती चुकलेल्या गाडीसाठी आणि औषधपाण्यासाठी.

रस्ता असा ठेवा: जाताना पूर्व जावातल्या सुराबाया शहरात उतरा, परतताना बालीतल्या देनपसारहून निघा. क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे जाणाऱ्या स्वस्त विमान कंपन्या जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं विकतात, त्यामुळे शहरं वेगळी असली म्हणून भाडं वाढेलच असं नाही. सुराबायाच्या गुबेंग स्टेशनवरून बान्युवांगीला थेट रेल्वे आहे, सहा-सात तासांची. साधा वर्ग स्वच्छ असतो आणि भाडं माणशी एक लाख रुपियांच्या आत बसतं. गावात उतरायचं तर ‘बान्युवांगी कोटा’ स्टेशन निवडा. ‘केतापांग’ हे शेवटचं स्टेशन फेरीच्या धक्क्याजवळ आहे. आठवड्याने केतापांगहून फेरीबोटीने तासाभरात बालीच्या गिलिमानुकला, तिथून चारेक तासांत बसने देनपसार. पायी प्रवाशाचं बोटीचं भाडं आपल्या शंभर रुपयांच्या आतबाहेर. शेवटची एक रात्र बालीत काढा, मुलीचं बाली पाहणंही होईल. एक ध्यानात ठेवा: बालीचं घड्याळ जावापेक्षा एक तास पुढे असतं. परतीचं विमान त्या हिशेबाने धरा.

“तिथे काय आहे” असं बान्युवांगीबद्दल एजंट म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. तिथे इजेनचा ज्वालामुखी आहे. त्याच्या मुखात आम्लाचं हिरवंनिळं सरोवर आहे आणि रात्रीच्या अंधारात गंधकाचे वायू निळ्या ज्योतींनी जळताना दिसतात. त्या विवरातून गंधकाचे सत्तर-ऐंशी किलोचे बोजे खांद्यावरून वर आणणारे खाणकामगार मुलीने पाहावेत असं मला मनापासून वाटतं. उत्तरेला बालुरान राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या गवताळ माळावर बांतेंग जातीची रानटी गुरं, हरणं आणि मोर दिसतात. दक्षिणेला पुलाऊ मेराहचा समुद्रकिनारा, वाटेत जावातानचं शंभर वर्षांच्या वर्षावृक्षांचं बन. शहराला लागून केमिरेन हे ओसिंग लोकांचं गाव आहे आणि त्यांचं गांद्रुंग नृत्य ही या जिल्ह्याची ओळख. मे महिन्यात तिकडे कोरडा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे आपल्या सुट्टीशी छान जुळतं.

इजेनबद्दल मात्र यजमानांच्या दम्यामुळे थांबून बोलायला हवं. पालतुदिंगच्या पायथ्यापासून विवराच्या कडेपर्यंत सुमारे ३ किलोमीटरची चढण आहे, कडा २,३०० मीटरहून उंच. निळ्या ज्योती बघायला रात्री विवरात उतरावं लागतं आणि वारा फिरला की गंधकाचा धूर थेट छातीत जातो. धुरापासून बचावाचा मास्क मिळतो, पण दमेकऱ्याने त्याच्या भरवशावर खाली उतरू नये. चढाईसाठी डॉक्टरांचा दाखलाही मागतात. यजमानांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि ते हो म्हणाले तरी उजाडल्यावर कडेपर्यंतच जावं. तुम्ही आणि मुलगी वाटाड्यासोबत जाऊ शकता. अधूनमधून चढाई बंद असते, म्हणून तारीख ठरवण्याआधी होमस्टेवाल्यांना विचारून घ्या.

याच कारणासाठी विम्यात काटकसर नको. अर्जात दमा आहे असं स्पष्ट लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला गेला तर परदेशातल्या दवाखान्याचं बिल तुमच्या एफडीवर येईल. चालकाचा योग्य परवाना नसताना भाड्याची स्कूटर घेतली तरी हेच होतं. गावात फिरायला ग्रॅब किंवा गोजेक या ॲपवरून गाडी बोलवा.

खाण्याचा खर्च कमी, पण शब्द माहीत हवेत. सेगो तेंपोंग म्हणजे भात, उकडलेल्या भाज्या, तोफू-तेंपे (तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि सांबाल ही मिरचीची झणझणीत चटणी. त्या सांबालात बहुधा ‘तेरासी’ ही कोळंबीची पेस्ट असते, शाकाहारी असाल तर ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, असं म्हणा. रुजाक सोतोमध्ये गोमांस असतं, ते चालत नसेल तर मागवू नका. पेचेल आणि गादो-गादो या शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या आपल्या जिभेला लगेच रुचतात.

पैसे नेताना साधं क्रेडिट कार्ड सर्रास वापरू नका. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्के आणि वर जीएसटी, म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त. तिथल्या ५०,००० रुपयांच्या खर्चावर दोन हजार असेच जातात. अधिभार नसलेलं डेबिट कार्ड घ्या, परदेशी वापर ॲपमधून आधीच सुरू करा आणि एटीएममधून थोड्या वेळा, मोठी रक्कम काढा. मशीनने “रुपयांत आकारू का?” असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी महाग असतो. सोबत कोऱ्या नोटांचे थोडे डॉलर असू द्या.

एक अडचण उरते. आरडी मार्चमध्ये मिळणार आणि मेची तिकिटं तोवर महाग होऊ शकतात. आरडी मोडू नका. बँकेत आरडीवर तारण कर्ज मागा, दर सहसा ठेवीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. १,०२,००० रुपयांना दोन महिन्यांचं व्याज ९ टक्क्यांनी साधारण दीड हजार होतं. भाडं त्याहून जास्त वाढेल असं दिसत असेल तरच घ्या, आणि आरडी पिकल्या दिवशी फेडून टाका. तुमच्या परिस्थितीत मला चालेल असं हे एकच कर्ज.

टोकनचं काय? एजंटला या आठवड्यातच ईमेलने रद्द झाल्याचं कळवा आणि परतावा लेखी मागा. फोनवरच्या बोलण्यावर राहू नका. ५,००० रुपये बुडाले तरी कर्जापायी जाणारे २०,००० वाचतात, तेव्हा त्यापायी पॅकेजला चिकटून राहू नका. त्यांनी पुन्हा गळ घातली तर २,८५,००० मध्ये जीएसटी आणि टीसीएस (एजंट आपल्याकडून आगाऊ गोळा करतो तो आयकर) धरलाय का, ते विचारा. परदेशी पॅकेजवर टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तुमचेच पैसे अडकतात. विमान आणि होमस्टे स्वतः वेगवेगळे काढलेत तर तो पॅकेजचा टीसीएस लागत नाही.

तिघांच्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने उरलेली आहे ना, ते आज रात्रीच बघा. मुलीचा पासपोर्ट लहानपणी काढलेला असेल तर तो पाच वर्षांचाच असतो. आणि एप्रिलपासून ७,००० रुपयांची आरडी पुन्हा सुरू करा, या वेळी तिच्या अकरावीच्या नावाने.