गवसणीतला तानपुरा

"जुन्या विद्यार्थ्याने एवढं महागाचं काही पाठवलंय, घेऊ का परत करू?" हा प्रश्न घेऊन निवृत्त शिक्षक अधूनमधून माझ्याकडे येतात. विद्यार्थी अजून हाताखाली असेल, त्याचे गुण किंवा शिफारस आपल्या हातात असेल, तर माझं उत्तर सरळ असतं: घेऊ नका. पण वीस-बावीस वर्षांपूर्वी शिकून गेलेल्याने पाठवलं असेल, तर खरी अडचण बहुतेक वेळा वस्तूची नसतेच.

सत्तरीला आलेल्या गाण्याच्या एक बाई अशाच आल्या होत्या. (त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल ते सगळं बदलून लिहिते आहे.) घरीच मुलांकडून गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी करून घ्यायच्या. एका सकाळी दारात टेम्पो थांबला आणि लाकडी खोक्यातून मिरजेचा तानपुरा उतरला. ज्याने पाठवला, तो मुलगा प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षेनंतर शिकणं सोडून गेला होता.

नऊ दिवस तानपुरा कपाटाला टेकून गवसणीतच, म्हणजे कापडी खोळीतच, उभा होता. "रात्री पाणी प्यायला उठले की तो दिसतो आणि पोटात कालवतं," बाई म्हणाल्या. "किंमत काढते, तेवढे पैसे त्याला पाठवते आणि मोकळी होते."

मी विचारलं, "बाई, त्याने नुसते पेढे पाठवले असते, तर तुम्ही इथे आला असता का?"

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आले असते."

मग गुरुपौर्णिमेच्या एका जुन्या कार्यक्रमाचा विषय निघाला. तो मुलगा तेव्हा चौदाचा. भूप राग गाताना वरच्या षड्जाला आवाज चिरकला, पुन्हा घेतला, पुन्हा चिरकला. बाई सगळ्या पालकांसमोर म्हणाल्या, "तुझ्या गळ्यात सूर नाही, उगाच वेळ घालवू नकोस." त्या वयात मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. उत्तम गळाही तेव्हा दगा देतो. "हे मला ठाऊक होतं हो," बाई म्हणाल्या. "कार्यक्रम बिघडला म्हणून चिडले मी."

'तेव्हा सगळेच गुरुजन ओरडायचे, सोडून द्या' असं म्हणणं सोपं होतं. मी ते म्हटलं नाही. चूक झाली होती आणि बाईंना ती कळली होती. ती पुसून टाकणं म्हणजे त्यांचं कळणंही पुसणं. पैसे पाठवण्यात मात्र मला धोका दिसला. त्याला वाटलं असतं, बाईंनी मला दुसऱ्यांदा परत पाठवलं. म्हणून आम्ही एवढंच ठरवलं: आभार वेगळे मानायचे, चूक वेगळी कबूल करायची, आणि 'माफ केलंस ना?' असं विचारायचं नाही. माफ करायचं की नाही, कधी करायचं, हे त्याच्यावर सोडायचं.

बाईंनी फोन केला. पुढच्या भेटीत त्यांनी मला तो सांगितला. आधी आभार, मग, "त्या दिवशी मी चुकले. तुझा आवाज फुटत होता, मला ते कळत होतं."

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "लागलं होतं, बाई. कितीतरी वर्षं मी गुणगुणलोसुद्धा नाही." त्याने ते नाकारलं नाही याचं मला फार बरं वाटलं. पुढे म्हणाला, मुलगी आता आठ वर्षांची आहे, तिला अलंकार, म्हणजे सुरांचे पलटे, शिकवायला बसलो, तर माझ्या तोंडून तुमचेच शब्द यायला लागले, मात्रा मोजायला तशीच बोटं हलायला लागली. म्हणून मिरजेला गेलो.

त्या संध्याकाळी बाईंनी गवसणीची नाडी सोडली. मधल्या जोडाच्या तारांना बोट लावलं आणि त्यांच्या लक्षात आलं, तानपुरा बायकांच्या पट्टीचा होता. काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा. बाई तेव्हा ज्या पट्टीत गायच्या तीच. बावीस वर्षांनी कारागिराला त्याने ती पट्टी सांगितली होती.

"आता माझा आवाज उतरून काळी दोनला आलाय," बाई मला म्हणाल्या आणि पहिल्यांदा रडल्या. तारा उतरवून घ्यायच्या का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या. दिवाळीच्या सुट्टीत तो मुलीला घेऊन येणार आहे. तिची पट्टी कोणती, ते आधी बघायचंय.